खालची पट्टी

वाऱ्याच्या चाचणीखोलीत धाकटीने पात्यावरची चिकटपट्टी ओढून काढली, तेव्हा थोरली स्क्रू तपासायला खाली वाकली होती. म्हणून ते तिलाच दिसलं: पात्याच्या पोटाला लावलेली पट्टी तशीच होती.

"साहेब आले!" बाहेरून मेकॅनिकची हाक आली.

"ताई, स्क्रू तेवढे आवळा हं," म्हणत धाकटी धावलीच.

वारा पवनचक्कीच्या पात्याच्या मागच्या कडेवरून सुटतो, तिथे आवाज करतो. थोरलीने सहा वर्षं खपून त्या कडेला करवतीचे दात पाडले होते. आवाज पाच डेसिबल उतरला होता. तिच्याच हाताखाली शिकलेल्या धाकटीने आठ महिन्यांत कडाच बदलली. पावासारखा जाळीदार धातू बसवला. वरचा आणि खालचा दाब भोकांतून एकमेकांना भेटतो आणि वारा निमूट निघून जातो. कमी वेगाला तिने दातांना केव्हाच मागे टाकलं होतं. आज पूर्ण वेग. त्यात जे पातं सरस, ते डोंगरावरच्या चक्कीवर चढणार होतं.

आधी भोकं पट्टीने बुजवून आवाज मोजायचा, मग मोकळी करून, ही इथली रीत. बुजवून एक्काहत्तर डेसिबल आले होते. एकाही अंगाची पट्टी राहिली, तर भोकं असून नसल्यासारखीच.

"झालं का, ताई?" काचेपलीकडून धाकटीने विचारलं.

थोरलीने शेवटचा स्क्रू आवळला. "झालं."

ती बाहेर आली. जाड दार लागलं. वारा सुरू झाला, चढत गेला, थांबला. पडद्यावर आकडा आला. एक्काहत्तर.

"केवढं कौतुक ऐकलं होतं या पावाचं!" साहेब हसले. "म्हातारीच्या दातांनी खाल्ला म्हणायचा. ताई, तुमचंच पातं पाठवू या."

थोरलीही हसली. तिचं तिलाच ते हसू जड गेलं.

धाकटी आकड्याकडे बघत राहिली. साहेब गेल्यावर म्हणाली, "जराही फरक नाही, ताई. तुम्ही सांगत होता, घाई करू नकोस. मीच ऐकलं नाही."

ती रडली असती, चिडली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं.

"पातं काढून आणते," धाकटी उठली.

"तू बस. मी काढते."

"तुम्ही? अहो, तुम्ही कशाला..."

"बस म्हटलं ना."

आतल्या भिंतींना स्पंजचे सुळके होते. तिथे स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटे. काचेकडे पाठ करून थोरलीने पात्याखाली हात घातला, नखाने पट्टीचं टोक उचललं आणि ओढलं. पट्टी एकदम सुटेना. चर्रर्र करत कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलत गेली.

तिने पट्टीचा बोळा केला. तो बोटांना चिकटला. झटकला तरी सुटेना.

मान वर केली तेव्हा तिला आवाज मोजणाऱ्या माइकवरचा लाल दिवा दिसला. तो अजून चालू होता.

भिंतीवरच्या स्पीकरमधून धाकटीचा आवाज आला. अगदी हळू.

"ताई, अजून एक पट्टी होती का?"