लाकडी धडाम

"अहो मास्तर, ही तोफ आहे, उंदीर नव्हे! अक्षरं अजून मोठी करा," कवी गरजला. मिलानमधल्या एकाही छापखान्यात तेवढ्या मोठ्या अक्षरांचे शिशाचे खिळे नव्हते. शेवटी खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या उल्देरिको मास्तरने हातभर लांब लाकडी ठोकळ्यावर 'धडाम' कोरून दिलं. युद्धाचे गोडवे गाणारी ती कविता शहरभर भिंतींवर लागली. ती वाचून गल्लीतली पोरं कवीच्या मागोमाग भरती झाली, उल्देरिकोचा मुलगा दुइल्योही.

दीड वर्षाने कवी परतला तो जबडा गमावून. तोंडावर पट्टी. बोलता येईना, म्हणून त्याने कागद पुढे सरकवला. 'माझ्या कवितेत क्रम चुकला होता. तिथे आधी माणसं फाटतात, आवाज मागून येतो. आधी ही नावं लावा, बारीक टायपात. मग धडाम.'

"आता सुचलं होय शहाणपण, कवीमहाशय?" असं पुटपुटत उल्देरिको कामाला लागला. खिळे जुळवणाऱ्याचे हात अक्षरं वाचतात, अर्थ वाचत बसत नाहीत. चौदावं नाव जुळवून झालं आणि त्याची बोटं जागीच थांबली.

दुइल्यो.

त्याने तो लाकडी ठोकळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

कवी जागचा हलला नाही. तोंडावरची पट्टी आधीच सोडून त्याने उघडी जखम ठोकळ्यापुढे धरली होती.