कार्बाइडची अंगठी

बेसा इथल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या कटरचे दात बोथट झाले, पण प्रणालीच्या सुजून निळ्या पडलेल्या बोटातली लग्नाची अंगठी काही कापली जाईना. अंगठी टंगस्टन कार्बाइडची. नवऱ्यानं, अश्विननं, हौसेनं ऑनलाइन मागवलेली.

फोन येताच तिचे वडील श्रावणजी कामाच्या कपड्यांनिशीच हिंगण्याच्या कारखान्यातून धावत आले. कार्बाइडच्या हत्यारांना धार लावण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अंगठी पाहताच ते लेकीवर भडकले.

"हे बोटात घालायची चीज आहे काय? यानं आम्ही पोलाद कापतो! घ्यायच्या आधी मले काहून नाही विचारलं? बोट गेलं असतं ना वं!"

प्रणालीनं सुजलेला हात त्यांच्यापुढं केला.

"हे कापल्या जात नाही, डॉक्टरसाहेब. दाबलं का फुटते," म्हणत त्यांनी अंगठी खिशातल्या पकडीत धरली आणि हळूहळू आवळत नेली. कट्कन आवाज झाला अन् तुकडे फरशीवर उडाले.

"लग्नाची निशाणी होती ते," शेजारी उभा असलेला अश्विन कुरकुरला.

डॉक्टरांनी लिहायला कागद ओढला. "बोटाला झालं काय होतं?"

"दारात सापडलं," अश्विननं सांगून टाकलं.

श्रावणजी अजून त्या तुकड्यांकडेच रागानं बघत होते.

 

"दारात नाही सापडलं, डॉक्टर," प्रणाली म्हणाली. "ह्या माणसानं पिरगाळलं. तसंच लिहा."