उन्हात दिसेल असा

"ह्यात तर माजंच तोंड दिसतंय," केरबा म्हणाला. "आरसा नगं हाय मला."

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली दुपार. सांगलीच्या भर बाजारात तो लॅपटॉप मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात बसला होता. आतून ओढलेली लांब वायर त्याच्या वहाणांपाशी आली होती. दुकानदार चिंतामण दाराच्या सावलीत घाम पुसत उभा होता. हा दुसरा लॅपटॉप. पहिलाही उन्हात नेल्यावर असाच आरसा झाला होता.

"काका, रंगीत आहे. जुना असला तरी एवढ्या स्वस्तात कुणी देणार नाही."

"रंगाचं काय करायचं? पोरगं पाटाच्या मोजणीवर हाय. दिवसभर उन्हात. त्याला आकडं वाचाय पायजेत. सातारा बगितलं, कराड बगितलं, मलकापूर बी सोडलं न्हाई. समदी असलंच दावत्यात."

"मुलालाच घेऊन यायचं होतंत."

"घरी न्हाई त्यो सध्या." केरबानं लॅपटॉप अलगद बाजूला ठेवला. "एकादं जुनं, काळं-पांढरं असंल तर बगा की."

चिंतामणला हसू आलं. धोतर, पटका, पायाला कुंडलच्या रानातली माती, आणि गडी निघालाय लॅपटॉप घ्यायला! म्हणे चोवीस वर्षं फौजेत होता, सिग्नलला. इंग्रजी अक्षरं ओळखतो म्हणे.

जुनं, काळं-पांढरं एक होतं. माळ्यावर.

दिवाळीनंतर सिद्धूनं ते पिशवीसकट आणून टाकलं होतं. सिद्धूकडून असा माल अधूनमधून यायचा आणि तो कुठून आला हे चिंतामण विचारायचा नाही. न विचारण्यात त्याचा हातखंडा होता. त्या दिवशी मात्र सिद्धू आपणहून म्हणाला होता, "ह्येचा मालक काय आता मागाय येत न्हाई. पण सांगलीत इकू नगंस. लांब जाऊ दे."

त्या वाक्यानं चिंतामणची झोप गेली ती गेलीच. त्यानं एकदाच ते यंत्र ट्यूबखाली चालू करून बघितलं होतं. पडदा राखेच्या रंगाचा, त्यावर काही म्हणजे काही नाही. बिघडलेलं, म्हणून विकताही येईना. कृष्णेत टाकून द्यावं असं दोनदा मनात आलं, पण धीर झाला नाही. दारात खाकी कपडे दिसले की त्याची नजर आपोआप माळ्याकडे जायची, मग ते पोस्टमनचे का असेनात.

"एक आहे," तो म्हणाला. "पण पडदा मंद आहे हो. आत काहीच दिसत नाही."

"आत नगंच हाय. उन्हात बगू."

चिंतामण शिडी लावून वर चढला. यंत्र फडक्यानं खसाखसा पुसून त्यानं बाहेर आणून, वायर जोडून दिलं. केरबानं ते दोन्ही हातांत घेतलं. बराच वेळ नुसतंच धरून बसला. मग बिजागरीच्या फटीत त्यानं नख फिरवलं. नख पिवळं झालं.

"हळद हाय."

"खंडेनवमीला पूजला असेल. माझ्या मेव्हण्याचा आहे. फार जपून वापरायचा." खोटं बोलायचं झालं की चिंतामण नातं लावायचा. घरातला माल म्हटल्यावर गिऱ्हाईक बिनघोर होतं, हा त्याचा अनुभव.

"आमी बी पूजतो," केरबा म्हणाला. "आन् मेव्हण्यानं का काढला?"

"नवा घेतला ना. रंगीत."

"बरं झालं."

केरबानं कळ दाबली. यंत्र एकदा वाजलं.

पडद्यावर ऊन पडलं आणि काळीभोर अक्षरं उमटली. केरबानं पडदा आणखी सूर्याकडे वळवला, तशी ती अधिकच ठसठशीत झाली. चिंतामण चक्क बोडक्यानं उन्हात आला आणि वाकून बघू लागला. त्याला इतका आनंद झाला की म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. यंत्र बिघडलेलं नव्हतंच! उन्हासाठीच बनवलेलं होतं. आज हे कुंडलला जाईल आणि आज आपण झोपू.

"बघा काका! म्हणत होतात ना, अगदी तस्सा!"

मग त्यानं अक्षरं वाचली. यंत्र पासवर्ड विचारत होतं.

गिऱ्हाईक आता परत जाणार, आणि ही पीडा पुन्हा माळ्यावर चढणार.

"ते... पासवर्ड तेवढा मेव्हण्याला विचारावा लागेल," तो घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही घेऊन जा निर्धास्त. पैशाचं मागाहून बघू. मी फोन करून विचारतो, तुम्हाला चिठ्ठी पाठवतो..."

तो बोलत राहिला. केरबानं धोतराला बोट पुसलं आणि एक अक्षर दाबलं. मग दुसरं. मग तिसरं. सावकाश, पण शोधत नव्हता. आठ अक्षरं झाली. मग त्यानं कडेची मोठी कळ दाबली.

यंत्र वाजलं. पडदाभर मोजणीचे आकडे उभे राहिले.

केरबानं आकड्यांकडे बघितलंही नाही. त्यानं झाकण हळूच मिटलं, यंत्र छातीशी धरलं आणि मान वर केली.

"आता सांगा," तो म्हणाला, "तुमचा मेव्हणा ऱ्हातो कुटं?"