एकट्यापुरतं पातेलं

“किती माणसांचा स्वयंपाक, आबा?” दुकानातल्या सुप्रियानं विचारलं.

“एकाचाच,” सर्जेराव म्हणाले.

बारामतीतल्या त्या भांड्यांच्या दुकानात दुपारची गर्दी नव्हती. सुप्रियानं इनॅमलची तीन पातेली पुढ्यात मांडली. सर्जेरावांनी निळ्या काठाचं लहान पातेलं उचललं, काठावरून बोट फिरवलं.

“कुठं टवका उडालाय का, तेवढं बघून घ्या. बूड जाड हाय ह्याचं, करपायचं न्हाय. डाव मात्र लाकडीच वापरा,” सुप्रिया म्हणाली.

“चिंचंची आमटी चालंल ह्यात?”

“आंबटाला हेच बरं. आजवर कोण करायचं?”

“डबा यायचा. त्या बाई आता लेकाकडं गेल्या.”

“आणि आजी?”

सर्जेरावांनी झाकण लावून बघितलं. काढलं. पुन्हा लावलं.

“लेकीनं मनानं लगीन केलं. पाया पडाय आली, तर मी तिला दारातनंच माघारी लावली. त्या दिवशी आमची मंडळी गप झाली, ती कायमचीच. तीन वर्सं झाली.”

सुप्रियाचे डोळे भरून आले. डाळ कधी घोटायची, चिंचेचा कोळ कधी घालायचा, गूळ किती, सगळं तिनं सावकाश सांगितलं. सर्जेरावांनी ते दोनदा म्हणून दाखवलं. तीन वर्षांत त्यांच्याशी इतका वेळ कुणी बोललं नव्हतं.

एसटीत त्यांनी पातेलं मांडीवरच धरलं. भवानीनगरला उतरून घरी आले, हातपाय धुतले आणि पडवीतली शेगडी पेटवली. पहिली फोडणी जळाली. ती टाकून दुसरी केली. या खेपेला घरभर वास सुटला. त्यांच्या बायकोच्या, छबूबाईंच्या हातच्या आमटीला यायचा तसाच.

स्वतःला वाढून घ्यायच्या आधी त्यांनी एक वाटी भरली. मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिथं उंबऱ्यावर वाटी ठेवून त्यांनी हात जोडले.

“सकाळी लेकीला फोन लावला हुता,” ते हळू म्हणाले. “उचलला न्हाय तिनं. उद्या परत लावतो. माझं चुकलं.”



दार जरासं उघडलं. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला. तीन वर्षं आत आपल्यापुरतं वेगळं रांधून खाणाऱ्या छबूबाईंनी वाटी उंबऱ्यावरून परत बाहेर सरकवली आणि आतून कडी लावून घेतली.