अडथळा क्रमांक दोन

तात्यांनी कूस बदलली की भिंतीवरच्या पेटीचा हिरवा दिवा नारिंगी व्हायचा. ब्रॉडबँडच्या नव्या लहरी माणसाच्या अंगातल्या पाण्यात अडकत, आणि घरात कोण कुठे आहे हे पेटीला त्यावरून समजे.

"टीव्ही सारखा अडकतोय," चारुलता फोनचा स्पीकर लावून म्हणाली.

"पेटी बंद करून चालू केलीत का, मॅडम?" मदत केंद्राच्या यंत्राने विचारलं.

"केली."

"मग हॉलमधला अडथळा क्रमांक दोन मागच्या खोलीत हलवा. मागे खिडकीपासून हलवला होतात, तसाच."

"अडथळा? माझे सासरे आहेत ते!"

"होय, मॅडम. वजन साठ किलो, हालचाल कमी. हलवायला सोपे."

दिवाणावर तात्या हसले. "साठ किलो पाणी आत नेतो गं. तुमची मालिका तरी नीट दिसेल." उशी काखेत घेऊन ते उठूही लागले.

खिडकी सोडतानाही ते असेच हसले होते आणि चारुलता गप्प राहिली होती. तेव्हापासून ती रोज एकच वाक्य गिळत होती. तिने त्यांची उशी काढून घेतली आणि पुन्हा दिवाणावर ठेवली.

"तात्या, तुम्ही बसा," ती म्हणाली. मग फोनकडे वळून तिने शब्द न् शब्द स्पष्ट उच्चारला, "उद्या माणूस पाठवा आणि तुमची पेटी काढून न्या."