टेबलावरचा झेंडा

संगमनेरच्या पुढं द्राक्षमळ्यांत, वायनरीला लागून नूरुद्दीनभाईंचं बार्बेक्यू हॉटेल आहे. टेबलाच्या मधोमध पेटलेली कोळशाची शेगडी आणि शेजारी वीतभर कापडी झेंडा. झेंडा उभा आहे तोवर भाजलेल्या मटणाच्या सळया येतच राहतात. पोट भरलं की तो आडवा करायचा, एवढाच तिथला नियम. प्रज्ञा वडिलांना, उत्तमरावांना, हौसेनं तिथं घेऊन गेली.

उत्तमराव आधी चवीनं जेवले, मग नेटानं जेवले आणि शेवटी पाणी पीत नुसतेच सळईकडं बघत बसले. नूरुद्दीनभाई मात्र नव्या सळया लावतच होते.

"आबा, झेंडा आडवा करा ना," प्रज्ञा हळूच म्हणाली.

"निळा हाय गं त्यो," उत्तमराव तितक्याच हळू म्हणाले. "दर जयंतीला ह्याच हातांनी चढवलाय. आता मटण जाईना म्हणून पाडू व्हय?"

प्रज्ञानं स्वतःच हात पुढं केला, पण तोही अर्ध्यात थांबला.

सळई घेऊन आलेल्या नूरुद्दीनभाईंच्या कानावर हे पडलं. त्यांनी शेजारच्या टेबलांवरचे लाल-पिवळे झेंडे पाहिले, मग हा पाहिला. त्यांनी पेटलेली शेगडीच फडक्यानं धरून उचलली आणि आत नेली.

झेंडा जागच्या जागी उभा राहिला. आणि नूरुद्दीनभाई दाराआड जाईपर्यंत, भरल्या पोटानं, उत्तमरावही उभे राहिले.