बांधालगतची झाडं

पाटणच्या वरच्या अंगाला क्रांती आणि तिची धाकटी जाऊ रेश्मा, दोघींनी शेजारी शेजारी ब्लूबेरी लावली होती. ऐन तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि क्रांतीची फळं बुरशीने कुजायला लागली. कृषी सहायकाने बजावलं होतं, “कुजलेलं फळ वेचून लांब खड्ड्यात पुरा, मगच औषध फवारा.” क्रांतीने फळं वेचली, पण खड्डा खणायचा तिला कंटाळा आला. कुणी बघत नाही असं पाहून भरलेल्या पाट्या तिने बांधापलीकडे, रेश्माच्या उंच गवतात रिकाम्या केल्या. फवारणीनंतर तिची बाग सावरली.

पुढे एका सकाळी रेश्माच्या बागेतून धूर निघताना दिसला. क्रांती धावत गेली. बांधालगतची फळांनी लगडलेली झाडं उपटून रेश्माने पेटवून दिली होती.

“आगं, ह्ये काय केलंस?”

“बुरशी आली, आक्का. औषधानं भागलं बी असतं, पर ही झाडं तुमच्या बांधाला लागून. वारं तुमच्याकडंच वाहतंय.” रेश्माने पदराने डोळे पुसले. “थोरले भावजी तिकडं पलटणीत, तुमी एकटीनं बाग उभी केली. माझ्यापायी तिला रोग लागला, तर कुठल्या तोंडानं समोर येऊ तुमच्या?”

 क्रांतीला रडूच कोसळलं.

रेश्माने तिला जवळ घेतलं. “रडू नका, आक्का. तुमची बाग वाचली न्हवं? मग झालं.”